लहान बाष्पयंत्रांच्या आराखड्यांचे मेट्रिक मापांत रूपांतर

वाफेवर प्रत्यक्ष चालणाऱ्या लहान यंत्रांच्या प्रतिकृती घरच्या कर्मशाळेत घडविण्याची परंपरा ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी या विषयाला वाहिलेले ‘मॉडेल इंजिनियर’ हे नियतकालिक सुरू केले. पुढे ‘एल.बी.एस.सी.’ या आद्याक्षरांनी लेखन करणाऱ्या रचनाकाराने लहान रेल्वे-एंजिनांचे अनेक आराखडे त्यातून प्रसिद्ध केले. स्टुअर्ट टर्नर या कंपनीने स्थिर यंत्रांचे ओतीव भाग व त्यांचे आराखडे विक्रीस आणले. या साहित्याचा फार मोठा भाग इंचांत आहे. ब्रिटिश शासनाने मेट्रिक पद्धतीचा मार्ग धरल्याचे १९६५ साली जाहीर केले. भारतात तत्पूर्वीच, १९५६ च्या वजने व मापे मानक अधिनियमाने, ही पद्धती स्वीकारली गेली होती. परिणाम असा की आराखडा इंचांचा, परंतु पत्रा, सळई, ड्रिल, रीमर आणि आटे पाडण्याची हत्यारे मिलिमीटरची, अशी स्थिती आज अनेक ठिकाणी आढळते. हे अंतर कसे सांधावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या प्रश्नाचे सोपे उत्तर सर्वांच्या तोंडी असते: प्रत्येक मापाला २५.४ ने गुणावे. हे उत्तर अंकगणित म्हणून निर्दोष आहे. यंत्ररचना म्हणून मात्र अपुरे आहे. आराखड्यावरील प्रत्येक माप हा रचनाकाराने केलेला एक निर्णय असतो. तो निर्णय कोणत्या कारणास्तव झाला हे ओळखल्यावाचून मापाचे रूपांतर करणे म्हणजे अर्थ न समजता शब्दांचे भाषांतर करणे होय.

१. गुणक आणि त्याची मर्यादा

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर (पुढे ‘मिमी’) हे समीकरण आज व्याख्येनेच नेमके आहे. पूर्वी तसे नव्हते. ब्रिटनचा इंच २५.४ मिमीहून किंचित लहान होता, तर अमेरिकेत १८९३ पासून मीटर म्हणजे ३९.३७ इंच असे मानले गेल्यामुळे तेथील इंच किंचित मोठा होता. ब्रिटिश मानक संस्थेने उद्योगधंद्यांसाठी २५.४ हा आकडा १९३० मध्ये स्वीकारला आणि १९५९ मध्ये ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या सहा देशांनी तो एकमताने निश्चित केला. जुन्या व नव्या इंचांतील फरक दशलक्षात दोन-तीन भागांपलीकडे जात नाही. तेव्हा लहान यंत्राच्या बाबतीत जुना आराखडा कोणत्या इंचाचा आहे, ही चिंता करण्याचे कारण नाही.

अडचण गुणकात नसून गुणाकारात आहे. आराखड्यावरील ३/८ इंच हे माप गुणल्यावर ९.५२५ मिमी होते. मूळ अपूर्णांकात मिमीच्या हजाराव्या भागाची काटेकोरी कोणीही अपेक्षिलेली नव्हती; ती केवळ गुणाकाराने आपोआप चिकटली. विशेष उल्लेख नसलेल्या मापांसाठी आंतरराष्ट्रीय मानकातील मध्यम श्रेणीप्रमाणे ६ ते ३० मिमी या पल्ल्यात ०.२ मिमी इतका कमी-अधिक फरक चालतो. तेव्हा एखाद्या पायपट्टीची ९.५२५ मिमी ही जाडी ९.५ किंवा १० मिमी केल्याने बहुधा काहीच बिघडत नाही. परंतु तोच निष्कर्ष झडपेला किंवा बाष्पित्राच्या पत्र्याला लावता येत नाही. म्हणून प्रथम मापांचे वर्गीकरण करावे लागते.

२. मापांचे पाच वर्ग

पहिल्या वर्गात ज्यांचा कशाशीच संबंध नाही अशी मोकळी मापे येतात: पायपट्टीची लांबी, फ्लायव्हीलच्या आऱ्यांची रुंदी इत्यादी. ही सोयीप्रमाणे पूर्णांकात आणावीत.

दुसऱ्या वर्गातील मापे बाजारात मिळणाऱ्या मालाशी बांधलेली असतात. रचनाकाराने १/४ इंच दंड निवडला तो बहुधा हिशेबातून नव्हे, तर तशी सळई हाताशी होती म्हणून. तेथे ६.३५ मिमीचा दंड कातून घेण्यापेक्षा ६ मिमीची तयार सळई व ६ मिमीचा रीमर वापरणे इष्ट. आंतरराष्ट्रीय मानकातील एच ७ श्रेणीचे ६ मिमी छिद्र मापाहून शून्य ते ०.०१२ मिमी मोठे आणि जी ६ श्रेणीचा दंड ०.००४ ते ०.०१२ मिमी लहान असतो, दोहोंत ०.००४ ते ०.०२४ मिमी इतकी फट आपोआप राखली जाते. मात्र येथे बळाचा विचार सुटता कामा नये. दंडाची पीळ सहन करण्याची शक्ती व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते, ६.३५ ऐवजी ६ मिमी घेतल्यास ती सुमारे १६ टक्क्यांनी घटते. त्याचप्रमाणे १/८ इंचाचा दट्ट्याचा दांडा ३ मिमीचा केल्यास वाकण्याविरुद्धचा त्याचा टणकपणा सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो.

तिसरा वर्ग बाहेरच्या वस्तूशी जुळावयाच्या मापांचा. लहान रेल्वे-एंजिनासाठी रुळांमधील अंतर ३ १/२ इंच, ५ इंच किंवा ७ १/४ इंच असते. ते दुसऱ्याने टाकलेल्या रुळांवर ठरलेले असल्याने तेथे सोयीचे पूर्णांकन चालत नाही, ८८.९, १२७ आणि १८४.१५ मिमी ही मापे, चाकांच्या खेळीसह, जशीच्या तशी पाळावी लागतात. विकत घेतलेले ओतीव भागही याच वर्गातले. चौथा वर्ग आट्यांचा आणि पाचवा एकमेकांवर अवलंबून असणाऱ्या मापांचा. या दोहोंचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे.

३. परस्परावलंबी मापे

स्टुअर्ट टर्नर यांच्या ‘नंबर १०’ या सुपरिचित लहान यंत्रात सिलिंडरचा अंतर्व्यास व दट्ट्याची धाव ही दोन्ही मापे ३/४ इंच, म्हणजे १९.०५ मिमी आहेत. ती दोन्ही २० मिमी केल्यास काय होईल? फरक एक मिलिमीटरहूनही कमी; परंतु दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १० टक्क्यांनी आणि प्रत्येक फेऱ्यात लागणारे वाफेचे आकारमान सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. दांड्यावरील भारही १० टक्क्यांनी वाढतो, आणि त्याच वेळी दांडा ३ मिमीवर आणला असेल तर भार चढला व टणकपणा उतरला, असे दुहेरी नुकसान होते. शिवाय ओतीव सिलिंडरची भिंत प्रत्येक बाजूने जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने पातळ होते. अंतर्व्यास लेथवर एकाच धारेच्या हत्याराने कातला जात असल्याने तेथे ठराविक मापाच्या हत्याराचे बंधनही नाही. तेव्हा १९ मिमी हाच निर्णय योग्य ठरतो. त्यात क्षेत्रफळाचा फरक अर्ध्या टक्क्याइतकाच पडतो.

याहून नाजूक प्रकरण सरक झडपेचे. सिलिंडरच्या बाजूला वाफ आत सोडणारी दोन द्वारे, त्यांच्या मध्ये वाफ बाहेर नेणारे एक द्वार आणि त्यांना विभागणाऱ्या दोन पट्ट्या असतात. त्यांवरून झडप पुढेमागे सरकते. झडप मध्यावर असताना वाफद्वाराच्या बाहेरच्या कडेपलीकडे तिचा जो भाग उरतो, त्याला ‘लॅप’ म्हणतात. झडपेला गती देणारी एक्सेंट्रिक चकती दंडाच्या केंद्रापासून जितकी सरकविलेली असते, तितकीच झडपेची अर्धी धाव. आणि वाफद्वार पुरते उघडावयाचे तर ही अर्धी धाव लॅप व द्वाराची रुंदी यांच्या बेरजेइतकी हवी.

उदाहरणादाखल, वाफद्वार १/१६ इंच, पट्टी ३/३२ इंच, मधले द्वार १/८ इंच आणि लॅप १/३२ इंच असा आराखडा घेऊ. बेरीज करता झडपेची लांबी बरोबर १/२ इंच आणि पूर्ण धाव ३/१६ इंच येते. मिमीत गुणून प्रत्येक माप वेगवेगळे पूर्णांकित केले तर द्वार १.५, पट्टी २.५, मधले द्वार ३, धाव ४.८ आणि झडपेची लांबी १२.७ ऐवजी १३ अशी मापे येतील. कोणतेही एक माप मुळापासून ०.३ मिमीहून अधिक ढळलेले नाही. तथापि द्वारांच्या बाहेरच्या कडांमधील अंतर आता ११ मिमी आहे. १३ मिमीच्या झडपेचा लॅप त्यामुळे ०.८ ऐवजी १ मिमी झाला. अर्धी धाव २.४ मिमी, त्यातून लॅप वजा जाता द्वार १.४ मिमीच उघडते, पुरते उघडत नाही. शिवाय मूळ आराखड्यातील एक्सेंट्रिकचा अग्रकोन सुमारे १९.५ अंश आहे. तोच कायम ठेवला तर दट्ट्या धावेच्या टोकाशी पोहोचतो तेव्हा झडप ०.८ मिमीच सरकलेली असते, आणि वाफद्वार उघडण्यास अजून ०.२ मिमी बाकी राहते. यंत्र फिरेल, पण वाफ उशिरा घेईल; आणि बनविणारा दोष शोधील तो आपल्या हातकामात.

योग्य रीत अशी की प्रथम मूळ मापे ठरवावीत आणि उरलेली त्यांच्यापासून काढावीत. द्वार १.५, पट्टी २.५, मधले द्वार ३, लॅप ०.८ असे ठरले की झडपेची लांबी १२.६, अर्धी धाव २.३ आणि पूर्ण धाव ४.६ मिमी ही बेरजेनेच निश्चित होते. अग्रकोन सुमारे २०.४ अंश येतो, म्हणजे मुळाच्या अगदी निकट. १२.६ किंवा ४.६ हे आकडे दिसावयास सुबक नाहीत. परंतु ते परस्परांशी प्रामाणिक आहेत, आणि महत्त्व त्यालाच आहे.

सिलिंडरच्या लांबीलाही हाच न्याय लागू पडतो. धाव, दट्ट्याची जाडी आणि दोन्ही टोकांची मोकळी जागा मिळून ती लांबी बनते. धाव व जाडी वाढवून लांबी तशीच ठेवली, तर ही मोकळी जागा संपते आणि दट्ट्या झाकणावर आदळतो.

४. आटे

आटे अंशतः बदलता येत नाहीत. व्यास, दोन आट्यांमधील अंतर आणि आट्याचा कोन या तिन्ही गोष्टी एका मानकातून दुसऱ्यात एकत्रच न्याव्या लागतात. व्हिटवर्थ पद्धतीचा कोन ५५ अंश, तर मेट्रिक आट्याचा ६० अंश. प्रतिकृतींच्या बाष्पित्रांवरील जोडण्यांसाठी रूढ असलेले ‘मॉडेल इंजिनियर’ आटे व्हिटवर्थ कोनाचे, व बहुधा एका इंचात ४० किंवा ३२ असतात. एका इंचात ४० म्हणजे ०.६३५ मिमीचे अंतर. त्याच्या जवळचा ०.७५ मिमी अंतराचा ६ मिमी मेट्रिक बारीक आटा निवडता येतो. पण मग त्याच्याशी जुळणारी प्रत्येक तोटी, वाफमापक व सुरक्षाझडप तशाच आट्यांची हवी. या वस्तू तयार विकत घ्यावयाच्या असतील तर तेथे जुना आटाच ठेवणे शहाणपणाचे.

इंचांच्या आराखड्यांतील सर्वांत लहान स्क्रू मात्र मुळातच मेट्रिक आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ब्रिटिश असोसिएशनने १८८४ मध्ये पुरस्कारिलेली ‘बीए’ मालिका स्विस थ्यूरी आट्यांवर आधारलेली आहे. तिच्या शून्य क्रमांकाचा व्यास ६ मिमी व आट्यांचे अंतर १ मिमी. पुढील प्रत्येक क्रमांकाचे अंतर आधीच्याच्या नऊदशांश. तिचा कोन मात्र ४७.५ अंश असल्याने ती आजच्या मेट्रिक आट्यांशी जुळत नाही. आराखड्यांत नेहमी आढळणारा ६ बीए हा स्क्रू २.८ मिमी व्यासाचा, ०.५३ मिमी अंतराचा आहे. त्याच्या जागी २.५ मिमीचा मेट्रिक स्क्रू घेतल्यास आट्यांच्या तळाशी उरणारे क्षेत्रफळ सुमारे १९ टक्क्यांनी घटते. ३ मिमीचा घेतल्यास सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. बळाच्या दृष्टीने ३ मिमी श्रेयस्कर. परंतु त्याच्या षट्कोनी नटाची रुंदी ५.५ मिमी असते, ६ बीएची सुमारे ४.९. अरुंद कडेवर हा नट भिंतीला अडतो. अशा वेळी २.५ मिमीचे स्क्रू संख्येने अधिक घेणे, हा मार्ग उरतो.

५. बाष्पित्र

आतापर्यंतच्या चुकांनी फार तर यंत्र नीट चालणार नाही. बाष्पित्राच्या, म्हणजे बॉयलरच्या, बाबतीत चुकीचा अर्थ निराळा आहे. दर चौरस इंचास ८० पौंड दाबाने काम करणाऱ्या बाष्पित्रातील पाणी सुमारे १६२ अंश सेल्सिअस तापमानाचे असते. कवच फुटल्यास ते पाणी क्षणार्धात वाफेत पालटू लागते आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाला पळण्यास अवधी राहत नाही.

जुन्या आराखड्यांत तांब्याच्या पत्र्याची जाडी प्रमाण तार-मापाच्या क्रमांकाने दिलेली असते. या मापात क्रमांक वाढला की जाडी कमी होते: १० क्रमांक ३.२५ मिमी, १३ क्रमांक २.३४ मिमी, १६ क्रमांक १.६३ मिमी. समजा, ४ इंच व्यासाचे कवच १३ क्रमांकाच्या पत्र्याचे आहे आणि दाब वरीलप्रमाणे ८० पौंड, म्हणजे ५.५ बार आहे. कवचातील परिघी ताण म्हणजे दाब गुणिले व्यास भागिले जाडीची दुप्पट. सांध्यांचा विचार बाजूला ठेवता तो दर चौरस मिमीस सुमारे १२ न्यूटन येतो. पत्रा २ मिमीचा घेतला तर तो १४ न्यूटन होतो, अर्थात १७ टक्क्यांनी वाढतो, २.५ मिमीचा घेतला तर ११.२ वर उतरतो. २ मिमीचा पत्रा घेऊन दाबाचे पूर्णांकनही ६ बार असे वर केले, तर वाढ सुमारे २७ टक्क्यांवर जाते.

भट्टीच्या सपाट भिंती याहून अधिक संवेदनशील असतात. त्यांना ठराविक अंतरावर आधारखिळे दिलेले असतात, आणि भिंतीतील ताण या अंतराच्या वर्गाच्या सम प्रमाणात व जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. खिळ्यांमधील ५/८ इंच अंतर १६ मिमी केले आणि पत्रा २.३४ ऐवजी २ मिमीचा घेतला, तर ताण सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो. रचनाकाराने राखलेले सुरक्षेचे प्रमाण अशा रीतीने, कोणाच्याही ध्यानात न येता, खर्ची पडते.

म्हणून बाष्पित्रासाठी नियम एकच: पूर्णांकन नेहमी सुरक्षित दिशेने. जाडी वरच्या मापाकडे; व्यास, खिळ्यांतील अंतर आणि कामाचा दाब खालच्या मापाकडे; खिळ्याचा तळव्यास मुळाहून कमी नाही. दाबाच्या एककांतही सावधगिरी हवी. ८० पौंड म्हणजे ५.५२ बार, परंतु दर चौरस सेंटीमीटरला ५.६२ किलोग्रॅम. मापकाच्या तबकडीवर कोणते एकक लिहिले आहे ते पाहूनच सुरक्षाझडप बसवावी. आणि रूपांतरित बाष्पित्र ही नवी रचना समजून तिचा हिशेब नव्याने करावा व जलदाबाची चाचणी घ्यावी. नव्या बाष्पित्रासाठी ब्रिटनमध्ये ही चाचणी कामाच्या दाबाच्या दुपटीने घेण्याचा प्रघात आहे.

६. चोवीसचा गुणक

रेल्वे-एंजिन नसेल आणि ओतीव भाग विकतचे नसतील, तर एक निराळाच मार्ग मोकळा होतो. २५.४ ऐवजी इंचाला २४ मिमी धरावे. महाराष्ट्रातील कर्मशाळांच्या बोलीत इंचाच्या आठव्या भागाला ‘सूत’ म्हणतात. या हिशेबाने एक सूत म्हणजे बरोबर ३ मिमी. पाव इंच म्हणजे ६, अर्धा इंच १२, पाऊण इंच १८ आणि इंचाचा सोळावा भाग १.५ मिमी. अपूर्णांकांचा बहुतेक सारा गुंता सुटतो, आणि बरीच मापे बाजारात सहज मिळणाऱ्या सळयांवर व ड्रिलांवर येऊन बसतात.

सर्व मापे एकाच प्रमाणात, म्हणजे मुळाच्या सुमारे ९४.५ टक्क्यांवर येत असल्याने परस्परावलंबी मापांचा मेळ आपोआप टिकतो. झडपेचा अग्रकोन तर तिळमात्र बदलत नाही. दट्ट्याचे क्षेत्रफळ मुळाच्या ८९ टक्के व वाफेचे आकारमान ८४ टक्के राहते. बाष्पित्राची उष्णता घेणारी पृष्ठे ८९ टक्क्यांवर येतात. वाफेची मागणी पुरवठ्याहून अधिक घटते, ही अनुकूल गोष्ट होय. व्यास व जाडी एकाच प्रमाणात घटल्याने त्याच दाबाखालील कवचाचा ताणही वाढत नाही. मात्र १३ क्रमांकाचा पत्रा या गुणकाने २.२१ मिमी येतो. तेथे नियमाप्रमाणे २.५ मिमीचाच घ्यावा. तसेच आटे या गुणकात बसत नाहीत; ते पूर्वी सांगितल्याप्रमाणे स्वतंत्रपणे निवडावे लागतात.

७. कामाचा क्रम

वरील विवेचनावरून कामाचा क्रम असा ठरतो. प्रथम संपूर्ण आराखडा वाचून प्रत्येक मापासमोर त्याचा वर्ग लिहावा. बाहेरच्या वस्तूंशी बांधलेली मापे आधी निश्चित करावीत. त्यानंतर सिलिंडर व झडप यांची मूळ मापे ठरवून त्यांवर अवलंबून असलेली मापे बेरजेने काढावीत. मग उपलब्ध सळया, पत्रे व आटे निवडून प्रत्येक बदलाचा बळावर होणारा परिणाम तपासावा. बाष्पित्राचा हिशेब वेगळा मांडावा. सर्वांत शेवटी मोकळी मापे पूर्णांकात आणावीत आणि स्वतंत्र मेट्रिक आराखडा काढावा. जुन्याच कागदावर इंचांशेजारी मिमी लिहिण्याची सवय घातक असते. एकाच भागासाठी दोन आकडे समोर असले की केव्हा तरी चुकीचा वाचला जातो.

ज्यांचा लेथ इंचांचा आहे त्यांनाही मेट्रिक आटे पाडता येतात. २५.४ ची पाचपट १२७. यास्तव १२७ दात्यांचे चक्र गियरमालिकेत बसविल्यास इंचांच्या लीडस्क्रूवरून अचूक मेट्रिक आटा निघतो. हत्यारांच्या पातळीवर दोन पद्धतींचा समेट असा एका चक्राने होऊ शकतो. रचनेच्या पातळीवर तो एका गुणाकाराने होत नाही. तेथे मूळ रचनाकाराने केलेला विचार पुन्हा एकदा, नव्या एककांत, करावा लागतो.